आहे त्या धरणावर वीज, आणि ती लाभक्षेत्रातल्या गावांच्या मालकीची: जमेल का?

काठावरचा (धागाकर्ता)

देशात सगळ्यात जास्त मोठी धरणं आपल्या राज्यात आहेत. त्यातल्या थोड्यांच्याच पायथ्याशी विद्युतगृह आहे. वीर ९ मेगावॅट, उजनी १२, पैठण १२, माणिकडोह ६, डिंभे ५, कण्हेर ४, धोम २ ही चटकन आठवणारी नावं. बाकी बहुतेक ठिकाणी आवर्तन (पिकासाठी पाळीने सोडलेलं पाणी) सुटलं की पाणी विमोचकातून, म्हणजे भिंतीतल्या पाणी सोडायच्या वाहिनीतून, आदळत बाहेर येतं आणि कालव्याला लागतं. त्याचा जोर मारायला खाली काँक्रीटचं कुंड बांधलेलं असतं. म्हणजे जी ताकद वापरता आली असती, ती मोडून काढायला आपण वेगळा खर्च केलेला आहे.

नवीन धरण नको, नवीन बुडीत नको, कुणाचं घर उठवायला नको. भिंत उभी आहे, पाणी तसंही सुटणारच आहे. मग लाभक्षेत्रातल्या गावांनी सहकारी संस्था काढून तिथे एक छोटं विद्युतगृह का चालवू नये? सरकारने चालवलेली आहेत, खासगी कंपन्यांनीही आहेत. २००५ च्या लघुजलविद्युत धोरणाने २५ मेगावॅटपर्यंतच्या प्रकल्पांना खासगी सहभागाचा दरवाजा उघडला. ज्यांच्या शेतात ते पाणी जातं त्यांच्या मालकीचं मात्र माझ्या पाहण्यात एकही नाही.

आमच्या खोऱ्यातल्या एका मध्यम धरणासाठी हा विचार काही पाणी वापर संस्थांमध्ये (कालव्यावरच्या शेतकऱ्यांच्या संस्था) सुरू आहे. ज्यांनी असं काम जवळून पाहिलंय त्यांनी लिहावं. विरोधातलंही लिहा, पण कारणासकट.

मशिनहॉल

विषय जिव्हाळ्याचा आहे. पाण्याचा विसर्ग किती आणि उंची किती, एवढं सांगा. त्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही.

काठावरचा

कालव्याला आवर्तनात साधारण ५०० क्युसेक सुटतात. धरण भरलेलं असताना पाण्याची उंची २५ मीटरच्या आसपास.

मशिनहॉल

५०० क्युसेक म्हणजे सेकंदाला १४.२ घनमीटर. ९.८१ गुणिले १४.२ गुणिले २५, आणि टर्बाईन-जनित्राची मिळून कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर तीन मेगावॅटच्या जरा आत येतं. १०० दिवस अखंड चाललं तर ७० लाख युनिट.

पण हा कागदावरचा आकडा झाला. मार्चनंतर पातळी उतरायला लागते, मेमध्ये उंची निम्म्यावर येते. उंची निम्मी झाली की वीज निम्म्याहूनही कमी, कारण कमी उंचीवर मशिन आपल्या आखलेल्या कामापासून लांब गेलेलं असतं आणि कार्यक्षमताही घसरते. पात्यांचा कोन बदलणारं कॅप्लान टर्बाईन घेतलं तर हा फरक बराच पेलतो, पण ते महाग. बँकेला दाखवायचा आकडा ५० लाख युनिटच्या वर नेऊ नका. वर्षाच्या ८७६० तासांतले २४०० तास चालणारं यंत्र आहे हे, बाकी वेळ उभं. हप्ता मात्र बारा महिने येतो.

सुखदा_वाचते

वाचनखूण साठवली आहे. मला यातलं काही कळत नाही, पण धागा भरकटू देऊ नका अशी विनंती :)

पाटकरी

मी आयुष्य कालव्यावर काढलं, म्हणून पाण्याच्या बाजूने बोलतो.

धरणाचं पाणी विजेसाठी सोडायचं नसतं. पिण्याचं आधी, मग शेती, मग बाकीचं. विद्युतगृह आलं की हळूच मागणी सुरू होते: संध्याकाळी विजेला भाव आहे, तेव्हा जास्त सोडा, रात्री कमी करा. कालव्याला हे चालत नाही. विसर्ग वरखाली केला की भराव ओला-कोरडा होऊन खचतो, आणि पुच्छभागातल्या, म्हणजे कालव्याच्या शेवटाकडच्या, माणसाला पाणी पोचतच नाही. हेडला बसलेल्याचं शेत भिजतं, शेवटच्या दारावर धूळ. तुमच्या संस्थेच्या पोटनियमात पहिलं वाक्य हे पाहिजे की दार किती उघडायचं हे कालवा सल्लागार समिती आणि सिंचन शाखा ठरवेल, मशिन जे येईल त्यावर चालेल.

काठावरचा

पाटकरी काका, मान्य. आमच्याकडे पाणी वापर संस्थाच पुढाकार घेतायत, त्यामुळे पाण्याचा मालक आणि विजेचा मालक एकच राहील. भांडण झालंच तर एका खोलीत होईल.

हिशेबनीस

सहकारी वीज म्हटलं की मुळा-प्रवरा आठवायलाच हवी. श्रीरामपूरची संस्था, १९६९ ची नोंदणी. त्याच वर्षी ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ निघालं आणि देशात पाच ठिकाणी सहकारी वितरणाचा प्रयोग झाला: गुजरातेत कोडिनार, कर्नाटकात हुक्केरी, आंध्रात सिरसिल्ला, उत्तर प्रदेशात लखनौ आणि आपली मुळा-प्रवरा. अमेरिकेतल्या ग्रामीण वीज सहकारी संस्थांचा नमुना समोर होता. चाळीस वर्षं संस्थेने वीज वाटली. २०११ च्या जानेवारीअखेर परवाना संपला आणि १ फेब्रुवारीपासून महावितरणने ताबा घेतला. तोवर वीज मंडळाची (पुढची महावितरण) देणी दोन हजार कोटींच्या पुढे गेली होती.

कारणांवर अजून वाद आहेत. शेतीपंपांची संख्या मोठी, त्यांचा दर कमी, अनुदानाचा हिशेब वेगळा, वसुली ढिली. माझ्या मते सगळ्यात दुखरी जागा ही होती की संस्थेकडे स्वतःची एक युनिटही तयार होत नव्हती. घाऊक घ्यायची आणि किरकोळ वाटायची. घेण्याचा दर दुसऱ्याने ठरवायचा, विकण्याचा दरही दुसऱ्यानेच. मधे संस्था. अशा जागी कुणीही बसलं असतं तरी चिरडलं गेलं असतं.

म्हणून काठावरचा, तुमचा प्रस्ताव मला उलट्या टोकाचा वाटतो आणि त्यासाठीच आवडतो. आधी निर्मिती. वितरणाच्या वाटेला जाऊ नका.

बेळगावी_कुंदा

पाचांतल्या दोन अजून चालू आहेत हेही लिहायला हवं. हुक्केरी आमच्या जिल्ह्यात. तिथे आजही बिल संस्थेचं येतं, लाईनमन संस्थेचा असतो. सिरसिल्ला आता तेलंगणात, तिथे संचालक मंडळाच्या निवडणुका होतात. दोन्हीकडे राजकारण आहे, तक्रारी आहेत. पण तार तुटली तर कुणाच्या दारात जायचं हे माणसाला ठाऊक असतं. सहकार म्हणजे बुडणारच, असं धरून चालू नका.

माळरान

सगळं खरं, पण आता एक सरळ सवाल. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना २०२४ पासून वीज मोफत. वर दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषी वाहिनी. मग शेतकरी तुमच्या संस्थेचा शेअर कशापायी घेईल? फुकटातली वीज सोडून विकतची कोण घेतं?

रानवारा

+१ माळरान. आणि सौरऊर्जा उभारायला सोपी, स्वस्त. आवर्तनाची वाट बघायला नको. पाण्याच्या मागे कशाला लागायचं?

काठावरचा

माळरान, अडचण खरी आहे. पण मोफत वीज साडेसात एचपीपर्यंत. आमच्या भागात धरणातून आणि नदीतून पाणी उचलणाऱ्या उपसा सिंचन संस्था आहेत, त्यांचे पंप शेकडो एचपीचे, जोडणी उच्चदाबाची. त्यांना ही सवलत लागू नाही. नदीच्या वरच्या अंगाच्या माळावरचं ऊस-डाळिंब याच संस्थांवर उभं आहे. बिल थकलं की जोडणी तुटते, जोडणी तुटली की ऐन उन्हाळ्यात पीक जातं. अशा बंद पडलेल्या उपसा संस्थांचे गंजलेले पाईप कुठल्याही नदीकाठाने दिसतात. वीजबिल हाच त्यांच्या मरणाचा मुख्य रोग. शिवाय प्रादेशिक पाणीपुरवठा योजना आहेत, दूध शीतकरण आहे, शीतगृहं आहेत. गिऱ्हाईक आहे, फक्त ते पाच एचपीवालं नाही.

कायदेकानू

इथेच खरी वाट आहे, म्हणून सविस्तर लिहिते. माझं काम वीज कायद्याशी संबंधित आहे.

२००३ च्या विद्युत कायद्यानुसार वीजनिर्मितीला परवाना लागत नाही. जलविद्युतला ठरावीक खर्चाच्या वर केंद्रीय प्राधिकरणाची संमती लागते, पण इतक्या छोट्या कामाला तो प्रश्न येत नाही. वितरणाला मात्र परवाना लागतो, आणि तिथेच मुळा-प्रवरासारखी कोंडी होते. कलम ५ मध्ये ग्रामीण भागात घाऊक खरेदी आणि स्थानिक वितरण पंचायती, सहकारी संस्था, वापरकर्त्यांच्या संघटना यांच्यामार्फत करण्याचा उल्लेख आहे. तो धोरणाचा विषय आहे, त्यावर आज बँक कर्ज देणार नाही.

आता कॅप्टिव्ह, म्हणजे स्वतःच्या वापरासाठीची निर्मिती. नियम असा की वापरणाऱ्यांकडे किमान २६ टक्के मालकी हवी आणि वर्षाच्या विजेपैकी किमान ५१ टक्के त्यांनी स्वतः वापरायला हवी. कंपनी काढली की कुणाचा हिस्सा किती आणि कुणी किती वापरली याचं प्रमाण जुळवत बसावं लागतं. पण २००५ च्या वीज नियमांत सहकारी संस्थेसाठी वेगळी तरतूद आहे: या दोन्ही अटी सभासदांनी मिळून पूर्ण केल्या की पुरे. म्हणजे दहा उपसा संस्था, चार पाणीपुरवठा योजना आणि एक दूध संघ सभासद असतील, तर सगळ्यांची मिळून मालकी आणि सगळ्यांचा मिळून वापर मोजला जातो. कायद्याने सहकाराला दिलेली ही मोठी सोय आहे आणि या कामासाठी ती जवळपास कुणी वापरत नाही, याचं मला वाईट वाटतं.

फायदा काय? कॅप्टिव्ह विजेवर क्रॉस सबसिडी अधिभार (स्वस्त दराच्या ग्राहकांचा भार उचलायला इतरांकडून घेतलेली जादा रक्कम) लागत नाही. महावितरणच्या तारांवरून वीज न्यायचं वहन शुल्क आणि तारांमधली तूट सोसावी लागते. २०२२ च्या हरित ऊर्जा खुल्या प्रवेशाच्या (महावितरणच्या तारांवरून दुसऱ्याची वीज घेण्याच्या) नियमांत इतर ग्राहकांना किमान १०० किलोवॅटच्या जोडणीची अट आहे, कॅप्टिव्हला ती नाही. जास्तीची वीज महिन्याच्या हिशेबात ग्रिडकडे जमा ठेवता येते, यालाच बँकिंग म्हणतात. तुमची वीज आवर्तनात येते आणि उपसाही साधारण त्याच महिन्यांत चालतो, त्यामुळे बँकिंगवर फार भार पडणार नाही.

माळरान

कायदेकानू ताई, हे कुणी आजवर इतकं उलगडून सांगितलं नव्हतं. माझा प्रश्न मागे घेत नाही, पण अर्धा सुटला.

हिशेबनीस

उरलेला अर्धा वसुलीचा. सभासद संस्थांनी दर महिन्याला पैसे भरले तर हे टिकेल. एखाद्या उपसा संस्थेचा अध्यक्ष वजनदार आहे म्हणून तिची थकबाकी पोटात घातली, की दोन वर्षांत गाडं अडलं. तीन महिन्यांची अनामत आधी घ्या आणि थकबाकीदाराचं मतदान आपोआप थांबेल अशी तरतूद पोटनियमात करता येते का ते वकिलाला विचारा.

पाण्याखालचं_गाव

सगळं वाचलं. आता माझं ऐकाल?

धागाकर्त्याने पहिल्या परिच्छेदात लिहिलंय, नवीन बुडीत नको, कुणाचं घर उठवायला नको. बरोबर. पण जुनं बुडीत आहे. त्या धरणाखाली आमचं गाव आहे. आजोबांना जमिनीच्या बदल्यात लाभक्षेत्रात जमीन मिळाली ती मुरमाड. गावठाणाला पाणी यायला एक पिढी गेली. आता तुम्ही म्हणता लाभक्षेत्रातल्या गावांची मालकी. लाभक्षेत्र म्हणजे ज्यांना आधीच लाभ मिळाला ते.

१९२१ मध्ये मुळशीला सत्याग्रह झाला, सेनापती बापट त्यात होते. धरण टाटांचं, वीज मुंबईच्या गिरण्यांना, जमीन गेली मावळातल्या शेतकऱ्याची. शंभर वर्षांनी तोच हिशेब छोट्या प्रमाणात पुन्हा मांडू नका. धरणग्रस्तांच्या पुनर्वसित गावठाणांना सभासदत्व द्या, शेअरची रक्कम पहिल्या वर्षांच्या उत्पन्नातून वळती करा, आणि संचालक मंडळात जागा राखून ठेवा. दानधर्म म्हणून नको. ज्या पंचवीस मीटर उंचीचा हिशेब मशिनहॉलनी मांडला, ती उंची आमच्या शिवारावर उभी आहे.

सुखदा_वाचते

यावर काय बोलावं. शेवटचं वाक्य तीनदा वाचलं.

पाटकरी

पाण्याखालचं गाव, मी कालव्यावर असताना तुमच्यासारख्या वसाहतींतून रोज जात होतो. तुमचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. कालवा वसाहतीच्या अंगणावरून गेला तरी तिला पाणी नाही, असं मी डोळ्यांनी पाहिलंय.

इतिहासवेडा

अवांतर: टाटांची वीज मुळशीच्या आधीची. खोपोली १९१५, भिवपुरी १९२२, आणि मुळशीच्या पाण्यावरचं भिरा १९२७. पश्चिमेला कोकणात पाणी पाडायचं आणि वीज मुंबईला, ही रीत तिथे पडली. पुढे कोयनेतही मुख्य टप्पे तसेच आहेत. कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफूट) मर्यादा घातली, तीही त्याच ताणातून. कोयनेचं धरण पायथा विद्युतगृह मात्र ४० मेगावॅटचं आहे आणि त्याचं पाणी पूर्वेला, नदीतच जातं. या धाग्याचा विषय त्या जातीचा: पाणी जिथे जायचं तिथेच जातं, वाटेत फक्त काम करून घ्यायचं.

रानवारा

मला सौरचं उत्तर कुणी दिलं नाही.

मशिनहॉल

देतो. दर युनिटमागे सौर स्वस्त पडेल, यात वाद नाही. पण सूर्य मावळल्यावर पाणीपुरवठ्याच्या टाक्या भरायच्या असतात आणि उपसा रात्रीही चालतो. आवर्तन सुरू असताना जलविद्युत चोवीस तास एकसारखी येते. दोन्ही एकाच संस्थेने करावं. कालव्याकडेच्या मोकळ्या जागेवर पॅनेल आणि पायथ्याला टर्बाईन, दोन्ही एकाच ३३ केव्ही वाहिनीला. पावसाळ्यात ढग असतात तेव्हा धरण सांडत असतं, तेव्हा पाणी चालतं. कडक उन्हात पातळी खाली असते, तेव्हा पॅनेल चालतात.

रानवारा

हे पटलं. भांडायला आलो होतो, आता शेअर कुठे मिळेल विचारतोय :)

परदेशस्थ

मी राहतो त्या देशातलं उदाहरण. अमेरिकेत ऐंशी हजारांवर धरणं आहेत, त्यातल्या जेमतेम तीन टक्क्यांवर वीज तयार होते. वीज नसलेल्या धरणांवर मिळून सुमारे १२ हजार मेगावॅटची क्षमता आहे, असा तिथल्या ऊर्जा खात्याचा २०१२ चा अभ्यास सांगतो. अमेरिकन म्युनिसिपल पॉवर ही शंभराहून जास्त नगरपालिका वीजसंस्थांची संयुक्त संस्था. तिने ओहायो नदीवर सैन्याच्या अभियंता दलाने जहाजांसाठी बांधलेल्या बंधाऱ्यांवर चार विद्युतगृहं उभारली: कॅनेलटन, स्मिथलंड, विलो आयलंड आणि मेल्डाल. एकट्या मेल्डालची क्षमता १०५ मेगावॅट. धरण सरकारचं, पाण्यावर ताबा सरकारचा, विद्युतगृह गावांचं.

छोट्या टोकाला इंग्लंडमध्ये न्यू मिल्सचं टॉर्स हायड्रो आहे. २००८, फक्त ६३ किलोवॅट. जुन्या गिरणीच्या बंधाऱ्यावर स्क्रू टर्बाईन बसवलं, पैसे लोकांनी शेअर घेऊन उभे केले.

माळरान

साहेबांच्या देशात नगरपालिकेला रोखे काढून पैसा मिळतो. आमच्या पाणी वापर संस्थेला सतरंजी घ्यायला ठराव लागतो. तुलना जपून करा.

बेळगावी_कुंदा

मग देशातलंच घ्या. केरळात पालक्काड जिल्हा पंचायतीने कंपनी काढून मीनवल्लम इथे ३ मेगावॅटचं विद्युतगृह उभारलं, २०१४ पासून ते चालू आहे. कंपनी १९९९ ची. मधली पंधरा वर्षं लक्षात घ्या, पण झालं. ते धरणावरचं नाही, ओढ्याच्या वाहत्या पाण्यावरचं आहे. मालकी मात्र पंचायतीची. केरळातच त्रिशूर महापालिका स्वतः वीज वाटते. आणि मुंबईत बेस्ट आहे की. लोकांच्या मालकीची वीजसंस्था ही कल्पना आपल्याला परकी नाही.

कायदेकानू

अजून एक घरचं उदाहरण, विजेचं नसलं तरी. नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड प्रकल्पावर शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांनी मिळून सगळ्या प्रकल्पाचं सिंचन व्यवस्थापन हातात घेतलं. पाणी मोजून घेणं, पाळी लावणं, पट्टी गोळा करणं, सगळं. २००५ चा शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा याला आधार देतो. जे शेतकरी एका धरणाचं पाणी घनमापनाने वाटू शकतात, त्यांना युनिटचा हिशेब ठेवणं जड नाही.

भिंत_आणि_भेग

मला धरणाच्या भिंतीची काळजी आहे. कुणीही उठून विमोचकाला पाईप जोडणार का? पानशेत आठवतंय ना? १२ जुलै १९६१. काम अपुरं असताना धरण भरलं आणि विमोचकापाशीच दगा झाला.

मशिनहॉल

काळजी रास्त आहे. म्हणूनच भिंतीला हात लावायचा नाही, हा पहिला दंडक. विमोचकाची वाहिनी जिथे भिंतीबाहेर येते तिथून पुढे पोलादी नळ घ्यायचा आणि त्याला दोन फाटे पाडायचे: एक टर्बाईनकडे, दुसरा बायपास म्हणून सरळ कुंडाकडे. जुन्या वाहिनीत आतून पोलादी अस्तर बसवावं लागेल का, ती दाब सोसेल का, हे धरण सुरक्षिततेचे लोक ठरवतील. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्याआधीची आणि नंतरची तपासणी बंधनकारक आहे, जबाबदारीही ठरवली आहे. त्यांच्या लेखी होकाराशिवाय एक बोल्टही नको.

बायपासबद्दल सांगतो, कारण हा भाग नवे लोक स्वस्तात उरकतात. मी एका पायथ्याच्या विद्युतगृहात पाळीत होतो. रब्बीचं आवर्तन, पहाटेचे तीन. बाहेर ३३ केव्ही लाईनवर फांदी पडली आणि ग्रिड गेलं. जनित्रावरचा भार एका क्षणात शून्य. भार गेला की टर्बाईन मोकाट सुटतं, आवाज चढत जातो, पायाखालची जाळी थरथरते. गव्हर्नर (वेग सांभाळणारं यंत्र) गाईड व्हेन, म्हणजे टर्बाईनकडे पाणी सोडणाऱ्या झडपा, मिटायला लागतो. फार झपाट्याने मिटल्या तर नळात पाण्याचा धक्का बसतो, सावकाश मिटल्या तर वेग हाताबाहेर जातो. ते दहा-पंधरा सेकंद काट्याकडे बघत उभं राहायचं. मशिन सुखरूप थांबलं. पण बायपासची झडप स्वयंचलित नव्हती, मोटरला वीज नव्हती, आणि आम्ही दोघं चाक फिरवत बसलो. झडप पूर्ण उघडेपर्यंत कालव्याची पातळी हातभर उतरली होती. सकाळी पुच्छभागातले शेतकरी फाटकावर. त्यांचं चुकलं नव्हतं.

तेव्हा बायपास विजेवर अवलंबून नको. वजनाने किंवा साठवलेल्या तेलाच्या दाबाने उघडणारी झडप घ्या. पैसे तिथे वाचवू नका.

पाटकरी

हेच म्हणत होतो. तो पुच्छभागातला माणूस कुठल्याच अहवालात नसतो.

मशिनहॉल

काका, तुमचं नाव मला माहीत नाही, पण तुमच्यासारखा माणूस आमच्या फाटकावर असता तर बरं झालं असतं. आणखी एक: पाण्याच्या तोंडाशी असलेल्या जाळीवर जलपर्णी, फांद्या, प्लास्टिक अडकतं. जाळी भरली की उंची असूनही दाब मिळत नाही. पावसाळ्यानंतर पहिले पंधरा दिवस दाताळं घेऊन माणसं उभी करावी लागतात. हा रोजगार गावातला, तेवढा खर्चात धरा.

सुखदा_वाचते

मागे म्हटलं होतं धागा भरकटू देऊ नका. भरकटला आणि छान भरकटला. पण धागाकर्ते कुठे गेले?

काठावरचा

इथेच आहे. धागा वर काढतोय, कारण मधल्या काळात बैठका झाल्या.

आमच्या सात पाणी वापर संस्थांच्या प्रतिनिधींपुढे हा सगळा धागा छापून ठेवला. वितरणाच्या वाटेला जायचं नाही, यावर एकमत झालं. कॅप्टिव्ह सहकारी संस्था, सभासद म्हणून उपसा संस्था आणि पाणीपुरवठा योजना. दोन उपसा संस्था लगेच तयार झाल्या. त्यातल्या एकीने आधी मागची थकबाकी भरावी, असं इतरांनी तिला सुनावलं, त्यावर बरीच गरमागरमी झाली. हिशेबनीस, तुमची अनामतीची सूचना तिथेच मंजूर झाली.

पाण्याखालचं गाव यांच्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. काही जण म्हणाले, धरणग्रस्तांचा प्रश्न सरकारचा आहे, संस्थेचा नाही. मी उभा राहून सांगितलं की ते सभासद नसतील तर मी या कामात नाही. मत घेतलं नाही, पण पुढची बैठक पुनर्वसित गावठाणात घ्यायचं ठरलं. ताई की दादा माहीत नाही, तुम्ही त्या बैठकीला या.

पाण्याखालचं_गाव

ताई. येईन. सासू-सासऱ्यांना आणि गावठाणातल्या बायकांनाही घेऊन येईन. वीजबिल त्याच भरतात, शेअर त्यांच्या नावावर निघावेत ही माझी मागणी तिथे मांडणार.

माळरान

ताई, याला माझा पाठिंबा. लिहून घ्या.

हिशेबनीस

आता मूळ प्रश्नाकडे. जमेल का? मी आधी नाही म्हणणाऱ्यांत होतो. आता म्हणतो, सभासदांच्या विजेच्या बिलांवरून सुरुवात केली तर जमेल. आधी प्रत्येक सभासद संस्थेची तीन वर्षांची बिलं गोळा करा, महिन्यावार. ज्या महिन्यात तुमचं मशिन चालणार त्या महिन्यात त्यांचा वापर किती, हे जुळलं तरच पुढे जा. वर्षाच्या बेरजेवर भुलू नका.

काठावरचा

बिलं मागवली आहेत. विसर्गाच्या नोंदींसाठी सिंचन शाखेला उद्या अर्ज देतोय. नेमकं काय मागू?

मशिनहॉल

किमान दहा वर्षांचं, रोजचं. तीन गोष्टी: जलाशयाची पातळी, विमोचकातून सुटलेलं पाणी, आणि सांडव्यावरून गेलेलं पाणी वेगळं. तिन्ही एकाच तारखेला जुळली पाहिजेत. टंचाईची वर्षं वगळू नका, तीच कर्ज बुडवतात. शिवाय कालव्याच्या शून्य किलोमीटरवरचं गेज (पाणी मोजायची खूण) शेवटचं कधी तपासलं ते विचारा. गेज खोटं बोलत असेल तर माझं सगळं गणित खोटं.

पाटकरी

विमोचकाची नोंद आणि गेजची नोंद यात फरक दिसला तर घाबरू नका, दोन्ही मागा. आणि वहीची प्रत मागा, टाईप केलेला तक्ता नको. वहीत पाटकऱ्याने शेरा लिहिलेला असतो: दार अडकलं, भराव फुटला, पाळी थांबवली. तक्त्यात तो येत नाही.

कायदेकानू

आकडे दलघमीत (दशलक्ष घनमीटर) मिळतील. दिवसाला १ दलघमी म्हणजे सरासरी ४०९ क्युसेक, एवढं धरून चाला. बाकी तक्ता इथे टाकलात तर मी आणि मशिनहॉल मिळून महिन्यावार मांडून देतो.